लग्नाला कोण कोण होतं?

आपलं लग्न झालेलं आहे, याबद्दल दयानंदरावांना उभ्या आयुष्यात कधी शंका आली नव्हती. शंका यावी असं वातावरणच घरात नव्हतं. नांदेडच्या त्या छोट्या घरात रोज सकाळी चांगुणाबाई त्यांच्या हातात चहाचा कप देत, त्याच दमात दिवसभराची कामं सांगत, आणि संध्याकाळी त्यांतलं कुठलं राहिलं याचा जाब घेत. याहून पक्का पुरावा संसारी माणसाला लागत नाही. पण सरकारला लागतो. आणि सरकारला एकदा शंका आली की ती माणसाला घरात स्वस्थ बसू देत नाही.

निमित्त झालं ऋतुजाचं. ही त्यांची एकुलती एक लेक नवऱ्याबरोबर जर्मनीत राहत होती आणि तिला दिवस गेले होते. पहिली खेप. एरवी फोनवर आईलाच चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी ऋतुजा एका दुपारी फोनवर रडायला लागली. "आई, तू ये. इथं सगळं चांगलं हाय, पण मला भीती वाटून राहिली," एवढंच ती म्हणाली. चांगुणाबाईंनी त्याच दिवशी डिंक आणि खारीक आणली. व्हिसाचं काम बघणारा एजंट मात्र म्हणाला की आधी लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणा, नंतर लाडवांचं बघू.

"दाखल्याचं काय एवढं!" दयानंदराव म्हणाले. "दोन दिवसांत आणतो."

असं म्हणायचा त्यांना हक्क होता. एका शाळेत हेडक्लार्क म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. 'मूळ प्रत आणा', 'शिक्का पुसट आहे', 'उद्या या' ही तीन वाक्यं त्यांनी इतक्या पालकांना ऐकवली होती की कागदपत्रांच्या जगात आपल्याला कुणी अडवू शकेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पाट्या वाचत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून ते नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता यादी सांगितली. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, लग्न लावणाऱ्याची सही, आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार.

आता बघा, दयानंदरावांकडे घर बांधल्यापासूनची सगळी लाइटबिलं होती. लग्नपत्रिका तेवढी नव्हती. पत्रिका लोकांना वाटायची असते, स्वतःला कोण देतं? लग्न लावणारे जंगम स्वामी हयात नव्हते. राहिला फोटो. फोटोंचा अख्खा अल्बम होता. पण लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना चांगुणाबाई तो घेऊन माहेरी गेल्या, तेव्हा त्यांचे वडील म्हणाले, राहू दे इथंच, आल्यागेल्या पाहुण्यांना दाखवतो. अल्बम साकोळवाडीत ठेवून त्या नांदेडला परतल्या, आणि दोनच दिवसांनी भूकंप झाला. साकोळवाडी किल्लारीच्या बाजूची. पहाटे लोक झोपेत होते. दगडमातीची घरं, जाड जाड धाब्याची छपरं. त्यांच्या घरातलं कुणीच उरलं नाही. अल्बमाबद्दल त्यानंतर घरात कुणी कधी बोललं नाही, आणि साकोळवाडीबद्दलही नाही. चांगुणाबाई पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. दयानंदरावांनीही विषय काढला नाही, आणि हा आपला समजूतदारपणा आहे असं ते धरून चालले होते.

साक्षीदारांचं तरी सोपं असावं, तर तिथेही नशीब आडवं आलेलं. त्यांच्या लग्नाला नांदेडहून ट्रकभर वऱ्हाड निघालं होतं. नवरदेव, त्याचे वडील आणि मामा तेवढे पुढं जीपमधून गेले. मागं अहमदपूरजवळ ट्रकचा पाटा तुटला. मुहूर्त टळत आला तसा मुलीच्या वडिलांनी अक्षता उरकल्या, आणि अख्खं वऱ्हाड पोचलं तेव्हा मांडवात फक्त पंगती चालल्या होत्या. "आम्ही तुझ्या लग्नाला आलतो रे, पण लग्न थांबलं न्हाई," असं त्यांचे चुलतभाऊ आजही ऐकवतात. वडील आणि मामा तर कधीच गेले. म्हणजे नवरदेवाच्या बाजूनं त्याचं लग्न पाहिलेला एकही माणूस पृथ्वीवर नव्हता.

इथे शेजारच्या नरसिंगरावांचा प्रवेश होतो. ते मूळचे बिलोलीकडचे, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. गाड्या सोडायचं काम सुटल्यापासून ते सल्ले सोडत. "सोप्पं हाय," ते म्हणाले. "लग्न जिथं लागलं तिथल्या ग्रामपंचायतीत जा. दप्तरात नोंद असतीच. माझा ह्या कामात लई अनुभव हाय." त्यांनी स्वतःच्या लग्नाची नोंद केलेली नव्हती, हे पुढं कळलं.

बायकोला 'लातूरला काम आहे' असं सांगून दयानंदराव साकोळवाडीला गेले. नवं गाव जुन्यापासून बरंच लांब, माळावर वसवलेलं. सरळ रस्ते, सारखी घरं. ग्रामसेवकानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं.

"काका, हे गाव भूकंपानंतर वसलं. तुमचं लग्न त्याच्या आधीचं. म्हणजे तुमचं लग्न ह्या गावात लागलेलंच न्हाई."

"मग जुन्या गावाचा दाखला द्या."

"जुनं गाव आता गाव न्हाई. तिथं कुणी राहत न्हाई, मग त्याचा दाखला मी कसा देणार?"

"आणि जुनं दप्तर?"

"दप्तर चावडीत होतं," ग्रामसेवक म्हणाला, आणि चावडीचं काय झालं ते त्यानं तळहात टेबलावर सपाट ठेवून दाखवलं. निघताना मात्र त्यानं आपला नंबर दिला. काही लागलं तर फोन करा म्हणाला.

घरी आल्यावर लपवणं काही जमलं नाही. दयानंदरावांना खोटं बोलता येत नसे. ते खोटं बोलायला लागले की आधी चष्मा पुसत. चांगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आमच्या दारातली चिंच हाय का?"

"अगं, मी नव्या गावात गेलो होतो. जुन्या नाही."

"हाव का," म्हणून त्या आत गेल्या. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं, आणि दयानंदरावांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्या हिशेबानं ही मोठीच गोष्ट होती.

इकडं ऋतुजाचे दिवस भरत चालले होते. एजंट रोज फोन करी. नरसिंगरावांनी मग दुसरा सल्ला सोडला. "साक्षीदार म्हणून मी येतो. अजून दोन त्या ऑफिसाबाहेरच लिंबाखाली भेटतात. तुमचं लग्न मी पाहिलं काय अन् न्हाई काय, झालंय तर खरं ना?" या युक्तिवादात कुठंतरी खोट आहे असं दयानंदरावांना वाटत होतं, पण लेकीचं रडणं कानात होतं. ते तयार झाले. ज्या माणसानं शाळेतल्या हजेरीपटावर कधी खाडाखोड होऊ दिली नाही, तो तीन खोटे साक्षीदार घेऊन साहेबांपुढं उभा राहिला. घाम इतका की दोन्ही पेनं खिशात चिकटली होती.

साहेब तरुण होते. त्यांनी सहज विचारलं, "लग्न केव्हा लागलं, सकाळी का संध्याकाळी?"

"गोरज मुहूर्तावर," नरसिंगराव ठासून म्हणाले.

"भर दुपारी, काय ऊन होतं साहेब!" लिंबाखालचा पहिला म्हणाला, तोही त्याच क्षणाला.

दुसऱ्याकडं साहेबांनी पाहिलं. तो हुशार होता. "मी जेवायच्या टायमाला पोचलो," तो म्हणाला.

दयानंदराव चष्मा पुसायला लागले. साहेब काही बोलणार, तोच चांगुणाबाई पुढं झाल्या. ज्या बाई रिक्षावाल्याशी भाडंसुद्धा ठरवत नसत, त्या साहेबांच्या टेबलावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"साहेब, ह्यांच्यातलं कुणी नव्हतं तिथं. ह्यांची नावं नका लिहू. तिथं माझी माणसं होती."

"मग त्यांना आणा ना बाई."

"ती न्हाईत. साकोळवाडीची हाय मी. किल्लारीच्या बाजूची."

साहेबांचा जन्म त्यानंतरचा असावा. पण या भागातल्या माणसाला त्यापुढं विचारावं लागत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. खोट्या साक्षीबद्दल त्यांना पुष्कळ बोलता आलं असतं, पण ते बोलले नाहीत. "मावशी, मला तीन जिवंत माणसं लागतात," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला थांबवलं नसतं."

नरसिंगरावांना हा अपमान फार लागला. "तुमच्यासाठी खोटं बोलायला उभा राहिलो, अन् बाईंनी मला ऑफिसात खोटं पाडलं!" असं म्हणून त्यांनी वाचून झालेला पेपर शेजारी पाठवणं बंद केलं. दयानंदरावांना दुखावलं जायला वेळच नव्हता. ते रिक्षात बायकोशेजारी बसून 'माझी माणसं' या दोन शब्दांचा विचार करत होते. आपल्या लग्नात तिच्या बाजूनं कोण कोण होतं, हे ते आठवायला लागले. सासरे आठवले, सासूबाई आठवल्या. तिसरा माणूस आठवेना.

दुसऱ्या दिवशी जेवताना ताटातली आमटी संपली आणि तळाशी बारीक टिंबांनी कोरलेली अक्षरं त्यांना दिसली. 'चि. दयानंद व चि. सौ. कां. चांगुणा यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ.' खाली तारीख. आहेराच्या भांड्यावर नाव घालून घ्यायची आपल्याकडची रीत. स्टीलच्या दुकानातच कोरून देतात. इतकी वर्षं या ताटात जेवून त्यांनी ती अक्षरं वाचली नव्हती. ते उष्ट्या हातानंच उठले. "अगं, पुरावा! घरात पुरावा आहे!"

पुरावा म्हणून त्यांनी निवडला तो पाण्याचा हंडा, कारण त्यावरची अक्षरं सगळ्यांत ठळक होती. हंडा मांडीवर घेऊन ते शेअर रिक्षात बसले तेव्हा शेजारच्या बाईनं "तुमच्याकडं बी नळ आला न्हाई का?" म्हणून विचारलं. खिडकीतल्या बाईंनी हंडा फिरवून फिरवून सगळा वाचला.

"काका, हे स्कॅन कसं करू मी?" त्या म्हणाल्या. मग हंडा उलटा करून म्हणाल्या, "पण देणाऱ्याचं नाव आहे की खाली. अशी सगळ्या भांड्यांवर असतील. त्यांतलं कुणी असेल ना कुठं. बघा तरी."

घरी येऊन दयानंदरावांनी मांडणीवरची सगळी भांडी स्वयंपाकघरात जमिनीवर मांडली, वाचायचा चष्मा लावला आणि वही घेऊन बसले. चांगुणाबाई भाकरी थापत होत्या.

"वीरभद्रअप्पा, हंडा."

"काका माझे. गेले."

"पारूबाई, परात."

"गेल्या."

"गुरम्मा, डबा."

दयानंदराव थबकले. 'गुरम्माच्या डब्यात डाळ हाय', 'गुरम्मा जरा वरून काढून द्या' हे ते लग्न झाल्यापासून ऐकत होते. गुरम्मा हा डब्याचाच एक प्रकार असावा, असंच त्यांना वाटत आलं होतं.

"ही गुरम्मा कोण?"

"मावशी. मला न्हाऊ घालायची, येणी घालायची. आई शेतात जायची ना, मग हिनंच वाढवलं मला." चांगुणाबाईंनी भाकरी उलटली. "गेली. दोन्ही लेकरं घेऊन गेली."

वहीवरचं पेन थांबलं. बायको या घरात कुणाकुणाला रोज हाताळत होती, घासूनपुसून ठेवत होती, हे त्यांना आता दिसलं. समजूतदारपणा म्हणून आपण जे केलं त्याचं खरं नाव वेगळं आहे, असं वाटून त्यांना फार वाईट वाटलं.

"मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कुठं विचारलं?" चांगुणाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "अन् गावात जाऊन तरी काय करू? तिथं कोण हाय ते दिसत न्हाई. कोण न्हाई तेवढंच दिसतं."

शेवटी एक लहान ताट उरलं, लेकरांना वाढतात तसलं. त्यावर लिहिलं होतं, 'चि. वीरेश याजकडून.' पोराच्या नावानं आहेर करायची हौस काहींना असते. दयानंदरावांनी नाव वाचलं आणि सवयीनं 'गेले'ची वाट बघत राहिले. चांगुणाबाईंनी भाकरी थापायची सोडून ताट हातात घेतलं.

"शेजारच्या रेणुकावैनीचा ल्योक," त्या म्हणाल्या. "पाच-सहा वर्षांचा होता लग्नात. आईबाप गेले त्याचे. पोरगं दोन दिवसांनी निघालं मातीतून. जितं निघालं. मग पुण्याला कुठं तरी वसतिगृहात नेलं म्हणत होते."

वही तशीच ठेवून दयानंदरावांनी ग्रामसेवकाला फोन लावला. अर्ध्या तासात नंबर आला. वीरेश लातूरला होता, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. फोन चांगुणाबाईंनीच केला. आपण कोण, कुणाची लेक, हे सांगितलं. लग्नाला साक्षीदार लागतात, तेही सांगितलं.

"मी होतो, आत्या," तो म्हणाला. "लग्नाला मी होतो."

पुढचं सगळं त्यानंच केलं. नव्या साकोळवाडीत जाऊन त्यानं सरजाबाई शोधल्या. त्यांनी मांडवात नवरीला हळद लावली होती. सटवाजी म्हणून एक म्हातारे शोधले. भूकंपाच्या रात्री ते पाण्याच्या पाळीला शेतात होते म्हणून राहिले. पाच-सहा वर्षांचं पोर तेव्हा हजर असलं तर आज साक्षीदार म्हणून चालतं का, हा प्रश्न दयानंदरावांनी साहेबांना तीनदा विचारला, आणि साहेबांनी तीनदा चालतं म्हणून सांगितलं.

ठरल्या दिवशी तिघं लातूरहून पहिल्या गाडीनं आले. सरजाबाईंनी चांगुणाबाईंना पाहिलं, आणि दोघी ऑफिसच्या दारात एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की आत लग्न नोंदवायला आलेली नवी जोडपी बावरून गेली. नरसिंगरावही आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांसाठी चहा घेऊन आले आणि लांब उभे राहिले.

इथंच सांगून टाकतो, दाखला त्या दिवशी मिळाला. एजंटनं तो नेला, आणि डिंकाचे लाडू वेळेत जर्मनीला पोचले. पण दाखला सकाळी मिळायचा तो संध्याकाळी मिळाला, आणि तो दयानंदरावांमुळं लांबला. ते असं झालं.

लिंबाखालच्या बाकावर सगळे नंबराची वाट बघत बसले होते. साहेब जेवणाच्या सुट्टीपर्यंतच नक्की भेटतील, दुपारचं सांगता येत नाही, असं खिडकीतल्या बाईंनी बजावलं होतं. वीरेश चांगुणाबाईंशेजारी बसला होता. चाळिशीकडं झुकलेला, अंगानं भरलेला माणूस.

"आत्या, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "लग्नातला एखादा फोटो हाय का तुमच्याकडं? माझ्या आईचा एक बी फोटो न्हाई. ती कशी होती तेच मला दिसत न्हाई. कुणाच्या तरी मांडीवर बसून जेवलो, एवढंच आठवतं. ती तीच असल असं मी समजतो."

"न्हाई रे लेकरा. अल्बम बाबाकडं होता."

"हाव," तो म्हणाला. त्याला उत्तर ठाऊक असावं. तरी विचारल्याशिवाय राहवलं नसावं.

तेवढ्यात आतून पुकारा झाला. "दयानंद, चांगुणा!" चांगुणाबाई उठल्या. पदर सारखा केला, दोन पावलं टाकली. आणि परत येऊन बाकावर बसल्या.

"उंच होती तुझी आई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात येताना वाकून यायची, तरी डोकं आपटायची. अन् मग स्वतःच हसायची. लई मोठ्यानं हसायची, सासू बोलायची तिला त्यावरून. लग्नात जांभळं इरकल नेसली होती."

पुन्हा पुकारा झाला. दयानंदराव दारात उभे होते. या नंबरासाठी त्यांनी किती खेटे घातले होते, किती अपमान गिळले होते! त्यांनी एकदा आत पाहिलं, एकदा बाकाकडं पाहिलं. मग मागं उभ्या असलेल्या जोडप्याला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

"काका, तुमचा नंबर आहे."

"असू द्या. आमचं चाललंय अजून."

"अक्षता पडताना माझ्या मागंच उभी होती," चांगुणाबाई सांगत होत्या. "तू झोपला होतास खांद्यावर. हात मोकळा न्हाई तरी अक्षता टाकून राहिली. माझ्यावर एक दाणा पडला न्हाई, सगळ्या तुझ्याच डोक्यावर. मग पंगतीत तुला मांडीवर घेऊन बसली. तीच होती, वीरेश. जेवण तसंच ठेवून तुझ्या केसातल्या अक्षता येचत बसली होती. एकेक काढायची अन् तुझ्या केसावरून हात फिरवायची."

वीरेशचा हात डोक्याकडं गेला. केस विरळ झाले होते. तो हात तसाच ठेवून तो बसला, आणि सगळ्या ऑफिसासमोर, लहान पोरासारखा रडला. सरजाबाईंनी त्याचं तोंड पदरानं पुसलं. दयानंदराव तिसऱ्या जोडप्याला पुढं सोडत होते.

"परत सांगा, आत्या," वीरेश म्हणाला. "पहिल्यापासून सांगा."